दोनशे चौदाचं कोडं

महिनाअखेरची रात्र, पगाराचा हिशेब सुरू, आणि एका ग्राहकाच्या मायएसक्यूएल सर्व्हरवर 'टू मेनी कनेक्शन्स'चा धोशा. कॉन्फिग फाइलमध्ये मॅक्स कनेक्शन्स ५०० होतं, मीच लिहिलेलं. चालत्या सर्व्हरला विचारलं तर म्हणे २१४. हा आकडा आला कुठून? त्या रात्रीने शिकवलेलं हे थोडं.

१. विचित्र आकड्यामागे हिशेब असतो. लिनक्सने आमच्या प्रोसेसला एका वेळी १०२४च फाइल्स उघडायची मुभा दिली होती. त्यातले १० मायएसक्यूएलने वरकड खर्चाला ठेवले. टेबल कॅश किमान ४००, दर टेबलामागे दोन, म्हणजे ८०० गेले. उरले २१४. बिचाऱ्याने अंथरूण पाहून पाय पसरले होते.

२. इथे 'फाइल' म्हणजे नुसती फाइल नव्हे. प्रत्येक कनेक्शनचं सॉकेटही त्याच खात्यावर मांडलं जातं. इनोडीबीत सहसा दर टेबलाची वेगळी फाइल असते आणि पार्टिशन केलं तर दर पार्टिशनची. दहा वर्षांचा डेटा महिन्यावार वाटला की एका टेबलाच्या १२० फाइल्स झाल्या!

३. दार चुकलं तर किल्ली कितीही फिरवा. मी 'लिमिट्स डॉट कॉन्फ'मध्ये ६५५३५ टाकलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. पुन्हा २१४. ती फाइल लॉगिन करणाऱ्यांसाठी. सिस्टमडीने उठवलेली सर्व्हिस त्या वाटेने येतच नाही. तिच्यासाठी 'सिस्टमसीटीएल एडिट' करून 'लिमिट-नोफाइल' लिहावं लागतं. तेही ओव्हरराइडमध्ये, पॅकेजच्या मूळ फाइलमध्ये लिहिलेलं पुढच्या अपग्रेडला पुसलं जातं.

४. विचारायचं ते चालत्या प्रोसेसलाच. टर्मिनलवर 'यूलिमिट' मारलं की कळते ती आपल्या शेलची मर्यादा, डेटाबेसची नव्हे. खरं उत्तर 'प्रॉक' फोल्डरात, त्या प्रोसेसच्या नंबराखाली, 'लिमिट्स' नावाच्या फाइलमध्ये असतं.

५. हात सैल सोडू नये. कनेक्शन्स ५००, टेबल कॅश २००० ची दुप्पट ४०००, वरचे १०, झाले ४५१०. आम्ही १०,००० ठेवले. मात्र फाइल्सची मुभा वाढली म्हणून कनेक्शन्स वाढवत सुटायचं नाही. प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं आणि ती अशी एका ओळीने वाढत नाही.

६. एरर लॉग सर्व्हर सुरू झाल्या झाल्या वाचावा. साडेबाराला सगळं रुळावर आल्यावर मी तो मागे मागे चाळत गेलो. तीन महिन्यांपूर्वी, सर्व्हर पहिल्यांदा उठला त्याच मिनिटाला, त्याने लिहून ठेवलं होतं: मागितले ५००, दिले २१४. त्या दिवशी आम्ही 'सर्व्हर सुरू झाला' एवढं पाहून चहाला गेलो होतो.