आज्ञावलीकारांचें शिक्षण, भाषा व फावला वेळ

संगणक आपण होऊन कांहींच करीत नाहीं. त्यानें काय करावयाचें, कोणत्या क्रमानें करावयाचें व कोठें थांबावयाचें, हें सर्व त्यास पायरीपायरीनें लिहून द्यावें लागतें. या लेखनास आज्ञावली अथवा प्रोग्रॅम म्हणतात, व तें करणाऱ्यास आज्ञावलीकार. हा धंदा केवळ गणितांत निष्णात असणाऱ्यांचा आहे, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा व पालकांचाही समज असतो. तो कितपत खरा आहे, हें कळण्यासाठीं या क्षेत्रांतील कांहीं नामांकित मंडळी आधीं काय शिकली होती, त्यांनीं कशा प्रकारच्या भाषा घडविल्या आणि फावल्या वेळांत काय केलें, हें पाहूं.

प्रथम ग्रेस हॉपर यांचें उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १९०६ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. १९३४ सालीं त्यांना येल विद्यापीठाची गणितांतील डॉक्टरेट मिळाली व त्या व्हॅसार कॉलेजांत शिकवीत असत. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, त्या अमेरिकन आरमाराच्या राखीव दलांत दाखल झाल्या, व पुढें हार्वर्ड येथील 'मार्क वन' या प्रचंड गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली. त्या काळीं यंत्रास द्यावयाच्या आज्ञा सांकेतिक आंकड्यांत मांडाव्या लागत. व्यापाराचें काम करणाऱ्यांना आपल्या नित्याच्या शब्दांत आज्ञा लिहितां आल्या पाहिजेत, असा हॉपरबाईंचा आग्रह होता. त्यांनीं इंग्रजी शब्दांचा उपयोग करणारी 'फ्लो-मॅटिक' ही भाषा सिद्ध केली, आणि १९५९ सालीं व्यापारी कामासाठीं आंखलेल्या 'कोबोल' या भाषेवर तिची मोठी छाप पडली. येथें गणित होतेंच. परंतु दुसऱ्यास समजेल असें सांगण्याची कलाही होती.

लॅरी वॉल यांचा अभ्यासविषय तर भाषाशास्त्र. जिला लिपि नाहीं अशी एखादी भाषा शोधून काढावी, तिला लिपि द्यावी व तींत बायबलचें भाषांतर करावें, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा मानस होता. प्रकृतीच्या कारणानें तो सिद्धीस गेला नाहीं. परंतु भाषेचा अभ्यास वाया गेला नाहीं. १९८७ सालीं त्यांनीं 'पर्ल' ही संगणकाची भाषा प्रसिद्ध केली. मनुष्याच्या बोलण्यांत एकच आशय अनेक प्रकारें मांडतां येतो. तीच मोकळीक त्यांनीं पर्लमध्यें ठेविली.

याच्या उलट 'पायथन' या भाषेचा संकेत असा कीं, कोणतेंही काम करण्याचा उघड मार्ग शक्यतों एकच असावा. तिचे जनक गिडो व्हान रॉसम हे हॉलंडचे. नवशिक्यांसाठीं तयार होत असलेल्या 'एबीसी' नांवाच्या भाषेवर त्यांनीं आधीं काम केलें होतें. पायथनमध्यें ओळीच्या आरंभीं सोडलेल्या मोकळ्या जागेवरूनच आज्ञांचे गट ओळखले जातात; त्यामुळें लेखन नीटनेटकें ठेवल्यावांचून गत्यंतरच नसतें. कोणास पर्लची मोकळीक रुचते, कोणास पायथनची शिस्त. कामाचें स्वरूप पाहून भाषा निवडावी. तिच्या थोरवीचा वाद घालीत बसूं नये.

आतां फावल्या वेळाकडे वळूं. १९८९ च्या नाताळांत कचेरी बंद राहणार होती; त्या सुटींत हाताला कांहीं छंद असावा म्हणून व्हान रॉसम यांनीं पायथनचा आरंभ केला. तिचें नांव अजगरावरून नव्हे, तर इंग्लंडमधील एका विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून ठेविलेलें आहे. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, संगणकाचा सर्व कारभार पाहणारी एक आज्ञावली आपण केवळ छंद म्हणून लिहीत असल्याचें जाहीर केलें. तीच 'लिनक्स'. त्यानें ती सर्वांस पाहण्यास व सुधारण्यास खुली केली. देशोदेशींच्या लोकांनीं तिच्यांत भर घातली. आज अँड्रॉइड दूरध्वनींच्या मुळाशीं तीच आहे.

डोनाल्ड क्नूथ या प्राध्यापकांना १९७७ सालीं स्वतःच्या ग्रंथाचीं मुद्रितें पाहून अक्षरजुळणी पसंत पडली नाहीं. तक्रार करून न थांबतां त्यांनीं अक्षरजुळणीची 'टेक' ही पद्धति स्वतःच रचावयास घेतली. थोडक्या काळांत उरकेल असें वाटलेलें हें काम सुमारें दहा वर्षें चाललें. पुढें १९९१ सालीं ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्थुइस यांनीं याच पद्धतीनें देवनागरी छापण्याची सोय केली, आणि एका गणितज्ञाच्या असंतोषाचा लाभ आपल्या लिपीसही झाला.

या उदाहरणांवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक, कोणताही विषय मन लावून शिकला असतां तो या धंद्यांत उपयोगीं पडतो. भाषेची आवड असणाऱ्या मुलानें वा मुलीनें 'हें आपलें क्षेत्र नव्हे' असें म्हणण्याचें कारण नाहीं. दुसरी, छंद फळास येतो तो नेट धरल्यानें व दुसऱ्यांस वाटल्यानें. पालकांनीं मुलाच्या छंदास रिकामा उद्योग म्हणण्यापूर्वीं त्यांतून तो कांहीं घडवीत आहे काय, हें पाहावें. विद्यार्थ्यांनींही नुसतें दुसऱ्याचें खेळत बसण्यापेक्षां आपल्या गरजेचें एखादें लहानसें काम हातीं घ्यावें. पायथन विनामूल्य मिळते. वर्गाच्या वाचनालयांतील पुस्तकांची यादी अकारविल्हे लावणें व कोणतें पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद ठेवणें, एवढेंही आरंभास पुरे आहे.