वाहनांचें बिनतारी संभाषण

माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यांत येणाऱ्या प्रवाशास पावसाळ्यांतील धुकें नवीन नाहीं. वळणापलीकडे दरड कोसळली आहे किंवा एखादी गाडी बंद पडून उभी आहे, हें चालकास अगदीं जवळ गेल्यावरच कळतें. भोंगा आणि दिवा हींच वाहनांची एकमेकांस इशारा देण्याचीं जुनीं साधनें. परंतु दिवा धुक्यांत लोपतो, आणि भोंगा ‘मी येत आहें’ याहून अधिक कांहीं सांगूं शकत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं बिनतारी लहरींचें साहाय्य घेतलें आहे.

या लहरी आपणांस अपरिचित नाहींत. आपल्याच तालुक्यांतील खोडद व आसपासच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या आकाशस्थ ज्योतींकडून येणाऱ्या अशाच लहरी टिपतात. त्या तबकड्या केवळ ऐकतात. वाहनांतील यंत्र ऐकतें आणि बोलतेंहि. उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान जाणून तें आपली गति, दिशा आणि ब्रेक लागला आहे कीं नाहीं, हा मजकूर सेकंदास सुमारें दहा वेळां प्रसृत करतें. सुमारें ३०० मीटरांच्या टापूंतील वाहनें तो ग्रहण करतात. एवढें अंतर तोडण्यास लहरीस सेकंदाचा दहा लक्षावा भाग पुरतो.

आतां थोडें गणित करूं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. इशारा तीन सेकंद आधीं मिळाला, तर चालकास ५० मीटर रस्ता अधिक लाभतो. गाडी थांबविण्यास तेवढी जागा बहुधा पुरते.

अमेरिकेनें १९९९ सालीं या कामासाठीं लहरींचा स्वतंत्र पट्टा राखून ठेविला. जपानांत २०१५ पासून कांहीं मोटारींत ही सोय आली. तथापि अडचणी आहेत. इतक्या लघु लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात व डोंगर त्यांस अडवितो; म्हणून घाटाच्या वळणावर निरोप पुढें पोंचविणारें यंत्र रस्त्याकडेला उभारावें लागतें. शिवाय एकाच गाडींत यंत्र असून भागत नाहीं, ऐकणाराहि हवा.

याहून मोठी मर्यादा आणखी एक आहे. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें व सुमारें दीडशें माणसें मृत्यु पावलीं. त्या संकटाची पहिली खबर यंत्रानें दिली नाहीं. नित्याच्या फेरीवर आलेल्या एस्. टी. चालकानें तें दृश्य पाहिलें आणि बाहेर कळविलें. जें कोणीं पाहिलें नाहीं, तें लहर सांगूं शकत नाहीं. आणि जें सांगितलें तें ऐकून वेग आवरणें हें चालकाच्याच हातीं असतें. विद्यार्थिमित्रांनो, यंत्र वेळ मिळवून देईल. तिचा सदुपयोग करण्याची सावधगिरी आपण आतांपासूनच अंगीं बाणविली पाहिजे.