घरोटाचे गाणे

धान्य दळण्याच्या जात्याला खानदेशात घरोट असेही म्हणतात. घरोट म्हणजे एकावर एक बसविलेल्या दोन गोल दगडी तळ्या. खालची तळी स्थिर असते आणि वरची मधल्या खुंटीभोवती फिरते. वरच्या तळीच्या तोंडात मूठमूठ वैरण घालावी, खुंटा धरून ती फिरवावी आणि दोन दगडांमधून पीठ झरत राहावे, अशी ही साधी रचना आहे. परंतु ह्या साधनातून केवळ पीठच बाहेर पडत नसे; शेकडो वर्षे त्यातून कविताही जन्म घेत आली. ती कशी, हे आता पाहू.

विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव येण्यापूर्वी घरातील स्त्रीला पहाटेच्या अंधारात उठून दिवसभराच्या भाकरीचे पीठ दळावे लागे. काम अतिशय कष्टाचे. जाते जड असले म्हणजे सासू-सून किंवा जावा-जावा समोरासमोर बसून एकच खुंटा ओढीत. दगडाची घरघर अखंड चाललेली असे. गवयाच्या मागे तंबोरा जसा एकच सूर धरून राहतो, तशी ती घरघर गाण्याला आधार देई. जात्याचा प्रत्येक फेरा हाच ताल. त्यावर चारपाच स्वरांत फिरणारी एक चाल पुन्हा पुन्हा येई. दुसरे वाद्य नाही, श्रोते नाहीत, की आधी लिहून ठेवलेले शब्द नाहीत.

मग शब्द येत कोठून? जुन्या ओव्या तर सर्वांना पाठ असतच; पण गाणारी त्यांत स्वतःची भर घाली. ओवीचा पहिला चरण बहुधा ओळखीचा असे. तो घोळवून म्हणता म्हणता मनात पुढचा चरण जुळत जाई. माहेरची आठवण, भावाची वाट, न आलेला पाऊस, तान्ह्या बाळाचे कौतुक, जे मनात असेल ते ओवीत उतरे. चाल तीच राही, शब्द मात्र रोज नवे होत. चाल इतकी साधी होती, म्हणूनच मन शब्द शोधायला मोकळे राहत असे. शिवाय जे दुःख दिवसा कोणापाशी बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येई.

ही रीत फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा मानतात. थोड्या स्वरांच्या संगीतास कोणी कमी लेखू नये. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात टेरी रायली, स्टीव्ह राइश आदी संगीतकारांनी मोजकेच स्वर पुनःपुन्हा वाजवून आणि त्यांत हळूहळू बदल करून एक नवी संगीतपद्धती घडविली. मोठ्या सभागृहांतील श्रोत्यांना ज्याचे नवल वाटले, ते पुनरावृत्तीचे बळ आपल्या आज्यांना जात्यापाशी कधीच गवसले होते.

ह्या परंपरेतूनच बहिणाबाई चौधरी ही थोर कवयित्री पुढे आली. तिचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील आसोदे गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. लग्न होऊन ती जळगावास आली. १९१० साली पती निवर्तले आणि तीस वर्षांच्या बहिणाबाईवर मुलांचा व शेतीचा सारा भार पडला. तिला लिहितावाचता येत नव्हते. तरीही दळताना आणि शेतात राबताना तिच्या मुखातून गाणी येत. पेरणी, पाखराचे घरटे, माणसाचे चंचल मन, अशा विषयांवर ती सहज गाई. तिची भाषा पुस्तकी नव्हती; जळगाव परिसरातील लेवा गणबोली हीच तिची भाषा. धुळ्याकडे ज्याप्रमाणे अहिराणीत लोकगीते गातात, त्याप्रमाणे तिने आपल्या घरच्याच बोलीत जीवनाचे शहाणपण सांगितले.

पण मुखातून निघालेले गाणे वाऱ्याबरोबर विरून जाते. तिची कित्येक गाणी अशीच विरली. जी उरली, ती कोणीतरी कान देऊन ऐकली म्हणून. तिचे पुत्र कवी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती जमेल तशी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईचे निधन झाले. त्यानंतर आचार्य अत्रे यांनी ती गाणी पाहिली आणि त्यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आपले पुस्तक पाहण्याचे भाग्य तिला लाभले नाही. अक्षरओळख नसलेल्या ह्या माउलीचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले.

इतर असंख्य स्त्रियांच्या ओव्याही अशाच हरवत होत्या. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' ह्या ग्रंथात त्यांतील पुष्कळ ओव्या संग्रहित केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या.

गिरणीने स्त्रियांचे मोठे कष्ट वाचविले, हे चांगलेच झाले. ते कष्ट परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र जाते थांबले, तेव्हा त्याच्यावर चालणारे गाणेही थांबले. तुमच्या घरात एखाद्या वृद्ध आजीच्या स्मरणात अजून चार ओव्या असतील. तिच्यापाशी बसून त्या ऐका आणि ती जशी म्हणेल तशाच, तिच्याच बोलीत, वहीत उतरवून घ्या. सोपानदेवांनी याहून वेगळे काही केले नव्हते.

अभ्यास

१. घरोटाची घरघर गाण्याला कोणता आधार देत असे?
२. ओवीची चाल साधी असल्याने गाणारीस कोणता लाभ होई?
३. बहिणाबाईची काही गाणी आज आपणांस कशामुळे वाचावयास मिळतात?
४. आपल्या घरातील वा शेजारच्या वृद्ध स्त्रीकडून एक ओवी ऐकून ती तिच्याच बोलीत लिहून आणा.