डेंगळ्यांची हौस

नाशिककडे कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले की शेतकरी कपाळाला हात लावतो. इथे लेस्टरच्या बागेत मी डेंगळ्यांसाठीच पैसे मोजते. शोभेचा अ‍ॅलियम म्हणजे कांदा-लसणाचाच भाऊबंद; फक्त तो जमिनीखाली नाही, वर बघायचा.

१. कंद दसरा-दिवाळीच्या सुमारास, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावावेत. हिवाळ्याची कडक थंडी मिळाल्याशिवाय बहुतेक जाती नीट फुलत नाहीत. पुण्याची बहीण दरवर्षी मागते, मी दरवर्षी नाही म्हणते.

२. ऊन भरपूर हवे, पाणी साचायला नको. आमच्याकडची माती चिकण, म्हणून लावताना बारीक खडी मिसळते.

३. खरी कसोटी पातीची. मे महिन्यात जांभळा गोंडा ऐन रंगात येतो आणि नेमकी तेव्हाच खाली पात पिवळी पडून लोळू लागते. कात्री लावावीशी वाटते, पण पुढच्या वर्षीचा कंद ही पातच पोसत असते. ती पूर्ण वाळू द्यावी. म्हणून मी अ‍ॅलियम कधीच वाफ्याच्या पुढच्या कडेला लावत नाही. पुढे हार्डी जिरेनियम किंवा अल्केमिला. मेपर्यंत त्यांची पाने पसरतात, पात झाकली जाते आणि गोंडे वर तरंगतात. बागरचनाकार रोझमेरी व्हेरी यांनी ग्लॉस्टरशायरमधल्या बार्न्सली हाउसला लॅबर्नमच्या पिवळ्या घोसांखाली जांभळे अ‍ॅलियम लावले, त्या जोडीचे फोटो जगभर गाजले. लॅबर्नम माझ्या परसात मावणार नाही. पण शेजार निवडायचा, हे तिथूनच उचलले.

४. सुरुवात ‘पर्पल सेन्सेशन’ने करावी: स्वस्त आणि खात्रीचा. मात्र त्याचे बी पडून रोपे उगवतात, त्यांना फुलायला काही वर्षे लागतात आणि रंग बऱ्याचदा फिका निघतो. नको असतील तर बी पडण्याआधी गोंडे कापावेत. ‘ग्लोबमास्टर’ला बी धरत नाही, पण तो महाग. क्रिस्टोफी बुटका, गोंडा मात्र नारळाएवढा, चंदेरी-जांभळ्या चांदण्यांचा. वाळल्यावरही फुलदाणीत ठेवावा असा. जुलैत स्फेरोसेफॅलॉनचे छोटे, वांगी रंगाचे गोंडे येतात. ते गवतांमध्ये दाटीने लावावेत, एकेकटे केविलवाणे दिसतात.

५. खारी ट्यूलिपचे कंद उकरतात, अ‍ॅलियमला सहसा तोंड लावत नाहीत. मधमाश्यांची मात्र झुंबड. घरात कुत्रा-मांजर असेल तर जपावे. कांद्यासारखाच हाही त्यांना विषारी.

६. देशातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, “भाजी होते का गं याची?” त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी खायचे अ‍ॅलियम, म्हणजे चाइव्हज, लावलेत. जांभळी फुलेही येतात आणि पात पिठल्यावर चिरून घालता येते.