टनामी रस्ता आणि पवित्र स्थळे

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्जकडून हॉल्स क्रीककडे जाणारा टनामी रस्ता सुमारे १,००० किलोमीटर लांबीचा आहे. पावसात त्याचा कच्चा भाग बंद पडतो व वस्त्यांचा संपर्क तुटतो. म्हणून डांबरीकरण टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. रस्ता जुना असला, तरी मुरूम व पाणी बाजूच्या जागेतून घ्यावे लागते आणि खरा धोका तेथेच संभवतो. साधी दिसणारी टेकडी, पाणवठा, किंबहुना एकटे झाडही आदिवासींचे पवित्र स्थळ असू शकते. नॉर्दर्न टेरिटरीत १९८९ च्या कायद्यान्वये प्राधिकरण परंपरागत रक्षकांशी विचारविनिमय करून कामाच्या अटींचा दाखला देते. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये त्यापूर्वी, १९८० च्या दशकात, बॅरेट ड्राइव्हसाठी सुरवंटाच्या पुराणकथेशी निगडित कडा कापण्यात आला. अरेर्न्ते लोक त्यास ‘वचनभंगाचा रस्ता’ म्हणतात.