बगॅसची धूळ मोजायला शिकायचंय

प्रश्न : मी धाराशिवची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आहे. वडील साखर कारखान्यात कामाला आहेत. औद्योगिक आरोग्य या विषयात एम.एस्सी. करावी का?

उत्तर : जरूर करा. तुमच्या भागात या विषयाच्या जाणकारांची फार गरज आहे. साखर कारखान्यात साठवलेल्या दमट बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, सूक्ष्मजीव वाढतात. ढीग उपसताना ती धूळ छातीत जाते आणि काही तासांनी ताप, खोकला, दम सुरू होतो. हाच बगॅसोसिस नावाचा आजार. कामगार मात्र साधा ताप समजून गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ढिगावर जातो! या शाखेतला माणूस कामगाराच्या कॉलरला फिल्टर आणि कमरेला छोटा पंप लावतो, पाळी संपल्यावर फिल्टरचं वजन करून धूळ किती ते काढतो. तुमचं रसायनशास्त्र इथेच कामी येईल.

एम.एस्सी.साठी गुजरातमधल्या वल्लभ विद्यानगरच्या ‘इस्टार’ संस्थेत चौकशी करा. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतली औद्योगिक सुरक्षेची पदविका वेगळी. ती मुख्यतः सुरक्षा अधिकाऱ्याच्या नोकरीसाठी. दोन्हींत गल्लत करू नका. अर्जापूर्वी वडिलांच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटा आणि बॉयलर, मिल, बगॅस यार्ड नीट पाहून घ्या.