पासवर्ड घरच्यांनाच टाकू दे

माधवनगर,
ता. मिरज, जि. सांगली

चि. बाळ यास,


तू फायबरच्या जोडण्या देण्याच्या कामाला लागलास, असं ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. आपल्या पेठा, बुधगाव, कवलापूर, बिसूर असा तासगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांचा टापू तुझ्याकडे आलाय म्हणे. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली. तुझ्या कामातलं यंत्र वेगळं असलं, तरी लोकांच्या घरात शिरून जोडणी देण्याचं काम तेच आहे. म्हणून चार गोष्टी लिहितोय. नीट वाच, आणि पटल्या तर पहिल्या दिवसापासून पाळ. एकदा पडलेली सवय पुढे मोडत नाही.

एखाद्या घरी तुझं काम कसं चालतं ते मला ठाऊक आहे. खांबावरून केबल आत घ्यायची, स्प्लायसिंग करायचं, एलओएसचा लाल दिवा विझून पॉनचा हिरवा दिवा स्थिर झाला की राउटर चालू करायचा. मग घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, ‘झालं का रे?’ तू म्हणतोस, ‘पासवर्ड काय ठेवू?’ ते म्हणतात, ‘तूच ठेव की काहीतरी, लक्षात राहील असा.’ आणि तू त्यांचाच मोबाइल नंबर टाकून पुढच्या घरी निघतोस. सगळा घोळ इथे होतो. घराचं वाय-फाय सुरक्षित राहणार की नाही, ते या शेवटच्या दहा मिनिटांत ठरतं, आणि ती दहा मिनिटं घाईत जातात. माझं मुख्य सांगणं एवढंच: पासवर्ड घरच्यांनी ठरवावा, त्यांनीच स्वतःच्या हातानं टाकावा, आणि तू त्या घरातून निघशील तेव्हा तो तुला ठाऊक नसावा.

‘आपल्या वाय-फायवर कोण कशाला डोळा ठेवेल?’ असं लोक तुला विचारतील. त्यांना आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट सांग. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तेव्हा तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या इंटरनेट जोडणीवरून गेलेला निघाला. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांचा कटाशी काही संबंध नव्हता. त्यांचं वाय-फाय नीट सुरक्षित नव्हतं आणि कुणीतरी परस्पर ते वापरलं होतं. तरी चौकशीचा ससेमिरा त्यांच्याच मागे लागला आणि संगणकही जप्त झाला. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरात, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पोलीस येतात, हे यातून शिकायचं. माधवनगरात जोडणी यंत्रमागवाल्याच्या नावावर असो की निवृत्त मास्तरांच्या, नियम तोच.

आता कामाचं बोलू. राउटर उलटा केलास की खाली स्टिकर दिसतो. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा तसलाच एक पत्ता असतो, एक वापरकर्ता नाव असतं आणि पासवर्ड असतो. बऱ्याच राउटरवर दोन्हीकडे ‘ॲडमिन’च असतं. हा राउटरच्या आतल्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड. घरातले फोन जोडायचा वाय-फायचा पासवर्ड वेगळा. लोकांना हे दोन पासवर्ड असतात हेच माहीत नसतं. वाय-फायचा बदलला आणि आतला तसाच ठेवला, तर घरात पाहुणा म्हणून आलेला कुणीही त्या पानात जाऊन सगळं उलटंपालटं करू शकतो. त्यामुळे आधी आतला पासवर्ड बदलायला लाव. कंपनीनं तो बदलायला बंदी घातली असेल, तर तसं घरच्यांना स्पष्ट सांग आणि तुझ्या मालकाच्या कानावर घाल. दोन्ही पासवर्ड घरच्यांनी एका वहीत लिहून कपाटात ठेवावेत. कागदावर लिहू नये असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, तिथे कपाटातली वहीच सगळ्यात भरवशाची. फक्त तो कागद टीव्हीच्या वर चिकटवू नये.

मोबाइल नंबर का नको, ते हिशेबानं सांगतो. फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांत काही संदेशांची देवाणघेवाण होते. ती हवेतून जाते, त्यामुळे रस्त्यावर उभ्या माणसाला टिपता येते. टिपून घेतली की त्याला पुन्हा तुमच्या दाराशी यायची गरज नाही. घरी बसून संगणकावर एकेक पासवर्ड लावून बघायचा, जुळेपर्यंत. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला पाच लाखांहून जास्त पासवर्ड लावून बघतो. ४०० कोटींना पाच लाखांनी भाग. ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास झाले. आणि ज्याच्याकडे घरमालकाचा नंबर आहेच, दुकानाच्या पाटीवर वाचलाय किंवा लग्नपत्रिकेवर बघितलाय, त्याला तेवढेही लागत नाहीत. मुलाचं नाव आणि पुढे १२३, गाडीचा नंबर, जन्मतारीख, कुलदैवताचं नाव, हे सगळं याच जातीचं.

त्याऐवजी पाच शब्दांचा पासवर्ड करायला सांग. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच साधे मराठी शब्द, रोमन अक्षरांत, सलग. समजा हळद, धोटा, पायरी, चिमणी, लोणचं. दोन हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचलले, तर त्याच संगणकाला सगळ्या जोड्या तपासायला साधारण एक वर्ष लागेल. पाचवा शब्द घातला की दोन हजार वर्षं. एका शब्दाचा एवढा फरक पडतो. शब्द मात्र खरोखर विस्कळीत हवेत. गाण्याची ओळ किंवा आरतीचं चरण चालणार नाही, ते चोरालाही पाठ असतं. आणि मी वर लिहिलेले पाच कुठेही वापरू नकोस. घरच्यांना सांग, ‘मी बाजूला होतो. आजींना सुचतील ते बरेच शब्द लिहून घ्या आणि चिठ्ठ्या टाकून पाच उचला.’ ते शब्द तिला पाठही राहतील.

राउटरच्या त्याच आतल्या पानावर सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो. तिथे डब्ल्यूपीए३ असेल तर तो घे. टिपून घेऊन घरी बसून पासवर्ड फोडायची मघाची युक्ती त्याच्यापुढे चालत नाही. घरात जुना फोन असेल आणि तो जोडला जात नसेल, तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार अजून कुठे दिसला तर हातही लावू नको. तो २००१ सालीच फुटला. डब्ल्यूपीएस ही सोयही बंद कर. ती आठ आकडी पिनवर चालते. राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे आठ आकड्यांच्या दहा कोटी शक्यता उतरून ११,००० वर येतात, हे २०११ साली उघड झालं. तुम्ही पाच शब्दांचा पासवर्ड ठेवलात आणि डब्ल्यूपीएस चालू राहिलं, तर अनेक राउटरवर तुमचे कष्ट फुकट.

नेटवर्कच्या नावात आडनाव, पेठ, फ्लॅट नंबर घालू देऊ नकोस. कुठलं नेटवर्क कुणाचं, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं कारण नाही. पण राउटरवर छापून आलेलं नावही ठेवू नये, कारण त्यावरून यंत्र कुठल्या कंपनीचं ते कळतं. काही जण नाव लपवतात, काही जण ठरावीक फोनचेच मॅक क्रमांक (यंत्राचे क्रमांक, मोबाइल नंबर नव्हे) नोंदवून बाकीचे अडवतात. या दोन्हींत वेळ घालवू नकोस. लपवलेलं नाव साध्या साधनांनी सापडतं आणि मॅक क्रमांकाची नक्कल करता येते. घरच्यांना त्रास होतो, चोराला होत नाही.

पाहुण्यांचं नेटवर्क म्हणून जी सोय राउटरमध्ये असते, ती मात्र प्रत्येक घरी चालू कर. आपल्या भागात तिचा उपयोग जास्त. माग घरालाच लागून असतात, कामगार दिवसभर तिथे असतात, त्यांनाही इंटरनेट हवं असतं आणि ते देणं बरोबरच आहे. त्यांना पाहुण्यांच्या नेटवर्कचा वेगळा पासवर्ड द्यावा. मग त्यांचा फोन इंटरनेटवर जातो, पण हिशेबाच्या संगणकापर्यंत पोचत नाही. स्मार्ट टीव्ही आणि कॅमेरेही तिकडेच जोड. कॅमेऱ्याकडे विशेष लक्ष दे, कारण तो बहुधा दुसऱ्याच माणसानं बसवलेला असतो आणि त्याचा कारखान्यातला पासवर्ड तसाच असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं अशाच साठेक छापील नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तसल्या यंत्रांच्या फौजेनं अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीवर हल्ला चढवला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन् तास अडल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना याची गंधवार्ता नव्हती. त्यांचा कॅमेरा रोजच्यासारखाच चालू होता.

राउटरचं फर्मवेअर अद्ययावत कर, आणि आपोआप अद्ययावत होण्याची सोय असेल तर ती चालू ठेव. २०१७ साली बेल्जियममधल्या मॅथी व्हॅनहूफ या संशोधकानं डब्ल्यूपीए२ मध्येच दोष दाखवून दिला. पासवर्ड कितीही चांगला असला तरी त्या दोषावर इलाज नव्हता. कंपन्यांनी दुरुस्ती पाठवली, आणि ज्यांनी ती घेतली ते सुटले.

एक गोष्ट घरच्यांना प्रत्यक्ष दाखव. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याच्या खाली बारीक अक्षरांत सगळा पासवर्ड वाचता येतो. तो नसला तरी कोडच्या आत पासवर्ड उघडाच असतो. त्या कोडचा फोटो कुणी काढला की पासवर्ड गेलाच. पाहुण्यांना पाहुण्यांच्याच नेटवर्कचा कोड दाखवावा, म्हणजे चिंता नाही.

हे सांगताना कुणाला घाबरवू नकोस. बँकेचं ॲप आपला मजकूर स्वतः कुलूपबंद करून पाठवतं, त्यामुळे वाय-फाय ढिलं राहिलं म्हणून उद्याच खातं रिकामं होईल असं नाही. भीती घातली की माणसं ऐकून घेतात आणि विसरतात. हातानं करून घेतलं की लक्षात राहतं. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे मात्र प्रत्येक घरी वहीत लिहून ये. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची आशा असते.

शेवटचं तुझ्याबद्दल. जोडणी देणाऱ्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. दुपारी घरात एकटी बाई असते, एकटे आजोबा असतात, ते तुला आत घेतात आणि स्वतःचा फोन तुझ्या हातात देतात. पासवर्ड टाकताना फोन त्यांच्या हातात परत दे आणि तोंड भिंतीकडे कर. सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड तुझ्या फोनमध्ये साठवून ठेवू नकोस, मालकानं मागितले तरी. उद्या कुणी पासवर्ड विसरलं तर राउटर रीसेट करून घरच्यांना नवा टाकायला लावता येतो. त्याला फार तर अर्धा तास लागतो. पण तुझा फोन हरवला आणि त्यात दोनशे घरांचे पासवर्ड असले, तर त्याला इलाज नाही. सगळ्या घरांना एकच पासवर्ड देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती तुझ्या टापूत चालू देऊ नकोस.

प्रत्येक घरी दहा मिनिटं जास्त लागतील. दिवसाकाठी एखादी जोडणी कमी होईल आणि मालक कुरकुर करेल. त्याला हे पत्र दाखव. ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांत एकदाही तक्रार आली नाही, तीच घरं शेजाऱ्याला तुझं नाव सांगतील, आणि आपल्या गावात धंदा असाच वाढतो. कमी जोडण्या दे, पण ज्या देशील त्या पुऱ्या दे.

ताईला व भाऊजींना नमस्कार सांग. पुढच्या रविवारी सवड काढून आमच्याकडे ये. आमच्या राउटरचं फर्मवेअर तुझ्याच हातून अद्ययावत करून घेईन.

तुझा,
मामा